सेवाग्रामहून ताईच्या ओसरीपर्यंत

वाचकहो, आपण खेड्यात राहत असाल, किंवा आपले वृद्ध आईवडील गावी राहत असतील, तर एखाद्या दुपारी दारात दोन तरुण मुले येऊन उभी राहण्याचा संभव आहे. अंगात पांढरा कोट, खांद्याला पिशवी, हातात वही आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र. ती म्हणतील, "आम्ही वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. आम्ही आपले कुटुंब दत्तक घेतले आहे." ऐंशी वर्षांच्या माणसाला अठरा वर्षांच्या मुलाने दत्तक घ्यावे, हे ऐकून कोणालाही हसू यावे. माझ्या भाऊजींनाही पहिल्या दिवशी आले होते. पुढे मात्र ते रागावले, आणि त्या रागामुळेच हा प्रवास घडला.

भाऊजी चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ताई एकोणऐंशीची. विदर्भातल्या एका लहान गावी, कवेलूंच्या घरात दोघेच राहतात. एका वैद्यकीय महाविद्यालयाने ते गाव निवडले आणि त्यांच्या वाट्याला एक विद्यार्थिनी आली. घरातल्या गोष्टी सांगायच्या असल्यामुळे गावाचे आणि महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही. मुलगी दर महिन्याला येई. मग तीन महिने ती फिरकलीच नाही. चौथ्या महिन्यात आली, तेव्हा भाऊजींनी तिला ओसरीच्या पायरीवरूनच परत पाठवले. त्या रात्री ताईचा फोन आला. "तू ये. तुझे ते ऐकतात. ती पोर येत्या रविवारी पुन्हा येते म्हणाली आहे. ह्या वेळीही परत पाठवली, तर ती काही पुन्हा यायची नाही."

रविवारला पाच दिवस होते. पुण्याहून ताईच्या गावी जाताना वाटेत वर्धा लागते, आणि वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. भावी डॉक्टरांनी खेड्यातल्या घराघरांतून वैद्यक शिकावे, हा उपक्रम तिथे पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. दोन दिवस तिथे थांबावे असे मी ठरवले. भाऊजींची समजूत घालण्यापूर्वी मला स्वतःची घालायची होती. कारण खरे सांगायचे तर माझे मन भाऊजींच्या बाजूचे होते.

त्याचे कारणही सांगते. माझे सासरे शेवटच्या आजारात एका मोठ्या शिक्षण रुग्णालयात होते. सकाळी खाटेभोवती विद्यार्थ्यांचे कडे पडे. एकामागून एक सात जणांनी त्यांचे पोट दाबून पाहिले. यकृत वाढलेले हाताला लागते कसे, हे त्यांना शिकायचे होते, आणि ते शिकायलाच हवे, हे मला आजही मान्य आहे. सगळे निघून गेल्यावर सासरे मला म्हणाले, "सूनबाई, सात हात मोजले मी. एकानेही नाव विचारले नाही." ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. विद्यार्थी घरी येऊ लागले म्हणजे रुग्णालयातले ते कडे आता आपल्या ओसरीवर येऊन बसणार, अशी माझी धास्ती होती.

वर्धा स्थानकावर पहाटे उतरले, तेव्हा अंगात स्वेटर असूनही कुडकुडत होते. रिक्षा कापसाच्या शेतांमधून निघाली. बहुतेक वेचणी झालेली, काळसर पडलेल्या पऱ्हाट्यांवर मागे राहिलेली पांढरी बोंडे तेवढी दिसत होती. सेवाग्राम हे मूळचे शेगाव. गांधीजी १९३६ साली येथे राहायला आले. विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली गावाचे नाव बदलले. आश्रमात पाऊल टाकताच प्रथम डोळ्यांत भरतो तो त्या घरांचा ठेंगणेपणा. मातीच्या भिंती, वर कवेलू, दारातून आत जाताना मान आपोआप लवते. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडे अजून आहेत. ज्या वाचकांचे गुडघे कुरकुर करतात त्यांनी निर्धास्त यावे. सगळा परिसर सपाट आहे, सावली भरपूर आहे आणि दमले की झाडाखाली टेकता येते.

पर्यटक बापूकुटी पाहून परततात. माझी पावले मात्र जवळच्याच परचुरे कुटीपाशी थबकली. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर राहिलेले. त्यांना कुष्ठरोग झाला. ते सेवाग्रामला आले, तेव्हा त्यांना गावाबाहेर न ठेवता गांधीजींनी आपल्या कुटीजवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालिश केले. ह्या प्रसंगाचे छायाचित्र आपण पाहिलेले असेल. छायाचित्रात एक क्षण दिसतो. मी त्या झोपडीपाशी उभी राहून दोन कुट्यांमधले अंतर पाहत होते. ते इतके थोडे आहे, की कंटाळा आला म्हणून एक दिवस टाळावे म्हटले तरी टाळणे अवघड जावे. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे वर्षानुवर्षे केले आहे, त्या वाचकांना मी काय म्हणते ते कळेल. पहिल्या दिवसाची सेवा सगळेच करतात. खरी कसोटी चाळिसाव्या दिवशी लागते.

ह्याच आश्रमात डॉ. सुशीला नायर नावाची तरुण डॉक्टर वावरत होती. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांची ती धाकटी बहीण. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबांनी प्राण सोडला, तेव्हाही ती तिथेच होती. पुढे सेवाग्रामात बाईमुलांसाठी लहानसा दवाखाना उभा राहिला आणि त्याचे कस्तुरबा रुग्णालय झाले. सुशीलाबेन अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकल्या, १९६२ ते १९६७ ह्या काळात देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या, आणि गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, त्यांनी येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. शहरात शिकलेला डॉक्टर खेड्यात जात नाही. मग तो खेड्यातच शिकला तर, असा त्यांचा साधा हिशेब होता. २००१ साली त्यांचे निधन झाले, तेही सेवाग्रामातच.

येथे प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे पहिले दिवस शवविच्छेदनाच्या टेबलापाशी जात नाहीत. पहिला पंधरवडा तो आश्रमात राहतो. पहाटेची प्रार्थना, झाडलोट, सूतकताई, श्रमदान, आणि अंगावर खादी. मग पहिल्याच वर्षात आणखी एक पंधरवडा असतो, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या तुकडीसाठी आसपासचे एक गाव निवडलेले असते, आणि सगळे विद्यार्थी शिक्षकांसह त्या गावात मुक्काम ठोकतात. प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच कुटुंबे येतात. घरात माणसे किती, पाणी कुठून येते, चुलीचा धूर कुठे जातो, पोरांच्या लसी झाल्या का, म्हातारी काय खाते, हे सारे त्याने पाहायचे आणि लिहायचे. शिबिर संपले तरी कुटुंबे सुटत नाहीत. महिन्यातून एकदा ह्याच घरी परत यायचे असते, पुढची काही वर्षे.

हे ऐकून माझा संशय गेला, असे मी म्हणणार नाही. माहिती जमवणे ही एक गोष्ट आणि उपयोगी पडणे ही दुसरी. म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या एका निवृत्त परिचारिकेबरोबर मी जवळच्या एका गावी गेले. तिथे एक आजी भेटल्या. वय विचारले तर म्हणाल्या, "पंच्याहत्तर असन, नायतर ऐंशी असन." अंगणात बाज टाकून उन्हात बसल्या होत्या. शेजारी जमिनीवर बसला होता कोल्हापूरकडचा, दुसऱ्या वर्षातला एक मुलगा. त्याच्याकडे बोट दाखवून आजी हसत म्हणाल्या, "ह्या पोट्ट्याले पह्यलं कायीच समजत नोयतं. मी म्हनो गोया, हा इचारे कोनत्या गोया!" गोया म्हणजे गोळ्या, हे कळायला त्याला दोन भेटी लागल्या होत्या. तो मुलगाही हसला. "आजी, बाज म्हणजे काय तेही तुम्हीच शिकवले."

मग मी जे पाहिले ते बारकाईने सांगते, कारण ते आपल्या उपयोगाचे आहे. आजींची तक्रार होती, रात्री उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. मुलाने लगेच यंत्र काढले नाही. आधी पाच-सात मिनिटे त्यांना बाजेवर निजू दिले, बोलू नका म्हणाला. मग निजल्या निजल्या रक्तदाब मोजला. हात धरून उभे केले, एका मिनिटाने मोजला, तसेच उभे ठेवून तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजला. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरला, किंवा खालचा दहाने उतरला, तर उठताना तोल जाण्याचे ते एक कारण असू शकते. आजींचा वरचा आकडा चोवीसने उतरला. मुलाने आकडे वहीत लिहिले आणि दोन घरे पलीकडे बसलेल्या आपल्या बाईंना बोलावून आणले. बाईंनी स्वतः पुन्हा मोजून पाहिला, गोळ्या पाहिल्या आणि रुग्णालयात येण्याचा दिवस ठरवून दिला. तोवर काय करायचे, हे मात्र मुलाने सांगितले. रात्री एकदम उठायचे नाही. आधी बाजेवर पाय खाली सोडून थोडे बसायचे, पायांची बोटे हलवायची, मग आधार धरून उभे राहायचे. पाणी पुरेसे प्यायचे. दिवा हाताशी ठेवायचा. हे सांगून तो थांबला नाही. आजींकडून तीनदा करवून घेतले.

दवाखान्यात आपला रक्तदाब बहुधा बसवून एकदाच मोजतात. बाहेर रांग असते, डॉक्टरांना वेळ नसतो, आणि हा दोष काही एका डॉक्टरांचा नाही. पण ज्याला अजून औषध लिहून देण्याचा अधिकार नाही, त्याच्यापाशी एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे वेळ. शिकाऊ माणसाचे हे धन आपल्या लक्षात येत नाही. ज्या अंधाऱ्या वाटेने आजी रात्री जातात ती वाट, मोरीचा उंच उंबरा, बाजेची उंची, हे कोणत्याही दवाखान्यात दिसत नाही. त्या मुलाने ते पाहिले होते.

आणि तरीही आजींना मी हळूच विचारले, "दर महिन्याला येतात, विचारतात, कंटाळा नाही येत?" त्यांनी जरा विचार केला. "येते नं कटाळा. पन हा सांगून जाते का कवा येईन, अन् तवाच येते." परतताना रिक्षात माझ्या कानांत तेच वाक्य घोळत होते. भाऊजींच्या घरी नेमके तेच मोडले होते.

ह्या परिसरात देणेघेणे हा विचार नवा नाही. कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्यविम्याची एक योजना चालवली. तिची वर्गणी सुगीच्या वेळी ज्वारीत घेत, ज्याची जमीन अधिक त्याची ज्वारी अधिक. फुकट औषधाने माणूस मिंधा होतो आणि मग मागायला कचरतो. पायलीभर ज्वारी दिलेला माणूस मान वर करून विचारतो की माझा इलाज का झाला नाही. मला वाटते, विद्यार्थ्याला घरात घेणारे कुटुंबही अशी वर्गणीच भरत असते. ती वर्गणी म्हणजे त्याच्या आजारपणाची, अडचणींची, घरातल्या उणिवांची माहिती. तेव्हा तिच्या बदल्यात काय मिळाले, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. शिक्षणशास्त्रात ह्याला सेवेतून शिक्षण म्हणतात. नुसत्या समाजसेवेत विद्यार्थी देतो आणि निघून जातो. नुसत्या प्रात्यक्षिकात तो घेतो आणि निघून जातो. सेवेतून शिक्षणात दोन्ही पारडी पाहायची असतात, आणि घरी गेल्यावर आपण काय शिकलो, कुठे चुकलो, हे वहीत लिहून शिक्षकांपुढे मांडायचे असते.

आपल्या देशात ही कल्पना कागदावर फार जुनी आहे. १९४६ सालच्या भोर समितीने म्हटले होते की डॉक्टर हा समाजाचाही वैद्य व्हावा, आणि त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुचवले होते. १९७७ साली वैद्यकीय महाविद्यालयांना ग्रामीण भागाशी जोडण्याची योजनाही आली. बऱ्याच ठिकाणी ह्या साऱ्याचे रूपांतर एका सहलीत झाले; बस जाई, पोरे उतरत, तक्ते भरत, बस परत येई. आता २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमातच घातला आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे, साधारण तीन ते पाच, आणि त्यांचा पुढेही पाठपुरावा. म्हणजे सेवाग्रामात जे श्रद्धेने चालले, ते आता सर्वत्र नियमाने चालणार. नियमाने श्रद्धा येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण नियमाने निदान मुलगी दारापर्यंत येते. पुढचे काही अंशी आपल्या हाती असते.

शनिवारी बसने तीन तास प्रवास करून ताईच्या गावी पोहोचले. भाऊजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. डाव्या कोपरावर खरचटल्याचा काळा डाग होता आणि पावलांवर सूज. जेवणे झाल्यावर मी विषय काढला. त्यांनी मला बोलू दिले नाही.

"मी आडतीस वर्षे हजेरी घेतली," ते म्हणाले. "गैरहजर राहिलेल्या पोराला मी कधी मारले नाही. पण कारण विचारले. कारण सांगायचे असते. ही पोर पहिल्या दिवशी आली, तेव्हा तिने मला घरात खोल्या किती, उत्पन्न किती, शौचालय आहे का, सारे विचारले. मी दिले. मी माझ्या पोराला सांगत नाही त्या गोष्टी तिला सांगितल्या. पुढच्या महिन्यात येते म्हणाली आणि तीन महिने नाही. त्या तीन महिन्यांत मी मोरीत पडलो. मी काही तिची वाट पाहत पडलो नाही, ते जाऊ दे. पण मी तिच्यासाठी प्रश्न लिहून ठेवले होते."

"कुठे आहेत?"

त्यांनी चष्म्याच्या घरातून चतकोर कागदाची घडी काढली. मुख्याध्यापकांच्या वळणदार अक्षरात पाच प्रश्न होते. वाचकहो, मी ते वाचले आणि माझे डोळे भरून आले. रागावलेल्या माणसाने ती घडी तीन महिने जपून ठेवली होती.

मी त्यांना सेवाग्रामच्या आजींची गोष्ट सांगितली, बाजेवरून उठण्याची रीतही दाखवली. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "उद्या आली तर कारण विचारीन. मग बघू."

रविवारी अकराच्या सुमारास ती आली. बारीक अंगाची, दोन वेण्या घातलेली, लातूरकडची मुलगी. पायरीखालीच उभी राहिली. भाऊजींनी विचारले, "तीन महिने कुठे होतीस?"

"परीक्षा होती, आजोबा."

"हे कारण झाले. कळवले का नाहीस?"

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "कळवायला हवे होते. फोन नंबर वहीत होता. मला वाटले, माझी कोण वाट बघणार."

भाऊजी काही वेळ तिच्याकडे पाहत राहिले. सारी ओसरी गप्प होती. मग ते म्हणाले, "ये, वर ये," आणि ताई पाणी आणायला आत गेली.

कागदावरचा पहिला प्रश्न होता: सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी एकच काय? मुलीने औषधांची पिशवी मागितली. पिशवी म्हणजे जुन्या धोतराच्या कापडाची, तीत कुपनांपासून दोऱ्याच्या रिळापर्यंत सारे. तिने पट्ट्या एकेक करून चटईवर मांडल्या. सकाळची गोळी तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली. रात्रीची, मुलाकडे हैदराबादला गेले असता तिथल्या डॉक्टरांनी. नावे निरनिराळी, रंग निराळा. पण पट्टीवर कंपनीने दिलेल्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही छापलेले असते. ते दोन्हींवर एकच होते, अम्लोडिपिन. रक्तदाबाचे एकच औषध भाऊजी दोन नावांनी दोनदा घेत होते. ह्या औषधाने काही जणांच्या पायांवर सूज येते, आणि रक्तदाब फार उतरला तर चक्करही येते.

ह्या ठिकाणी ती मुलगी काय करते, इकडे माझे लक्ष होते. तिने "ही बंद करा" असे म्हटले नाही. म्हणाली, "आजोबा, हे मला नीट दिसत नाही, पण ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मी सरांना फोन लावते." दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवून तिने फोन भाऊजींच्या हाती दिला. त्या रात्रीच्या गोळीचे काय करायचे ते शिक्षकांनीच त्यांना सांगितले, आणि सोमवारी सकाळी सगळी पिशवी घेऊन तपासणीला बोलावले. आजच औषध घरात बंद करून टाकणारा विद्यार्थी आणि काही न बोलता तक्ता भरून जाणारा विद्यार्थी, दोघेही आपल्या कामाचे नाहीत, हे मी मनाशी नोंदवले.

ह्यावरून आपल्या घरासाठी काही गोष्टी सुचतात, त्या जाता जाता सांगते. विद्यार्थी आले तर आधी नाव, महाविद्यालय आणि त्यांच्या शिक्षकांचा फोन नंबर लिहून घ्यावा. ओळखपत्र पाहण्यात संकोच कसला? नको वाटेल त्या प्रश्नाला उत्तर देऊ नये, नको वाटेल ती तपासणी करू देऊ नये. नकार दिला म्हणून आपला इलाज अडत नाही. औषधांची पिशवी मात्र अवश्य पुढे ठेवावी, आयुर्वेदिक चूर्णे आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांसह. आपले प्रश्न आधी लिहून ठेवावेत. सांभाळ करणाऱ्यांनीही आपले दुखणे सांगावे. ताईची कंबर दोन वर्षे दुखते आहे, हे त्या मुलीच्या वहीत कुठेच नव्हते, कारण कोणी तिला विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. आणि निघताना पुढची तारीख विचारावी.

भाऊजींचा पाचवा प्रश्न औषधाचा नव्हता. तो असा होता: तुला हे शिकून गावात राहायचे आहे का? मुलगी हसली. "अजून ठरवले नाही, आजोबा. खोटे कशाला सांगू?" भाऊजींना ते उत्तर आवडले असावे. त्यांनी ताईला कपाट उघडायला सांगितले.

कपाटात त्यांची शाळेची जुनी, अर्धी कोरी हजेरीवही होती. एका कोऱ्या पानावर त्यांनी तिचे नाव लिहिले, पुढे महिन्यांचे रकाने आखले. मागच्या तीन रकान्यांत गैरहजरीची खूण केली, तिला ती दाखवली, आणि चालू महिन्याच्या रकान्यात हजेरी मांडली. मग वही तिच्यापुढे सरकवली. तिने पेन घेतले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहून पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार लिहिला, आणि खाली आपला फोन नंबर. ताईने तिला थांबवून पानात भाकरी वाढली. माझी परतीची बस चार वाजता होती. मी निघाले, तेव्हा ती ताईच्या मागे बसून, कंबर नेमकी कुठे दुखते ते विचारत होती.